मासे घेताना आधी आपलं पाणी आणि आपला उन्हाळा बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सध्या जळगाव, भुसावळ, धुळे कुठेही फिश टँकच्या दुकानात जा, लोक खऱ्या झाडांची टाकी मागताना दिसतात. मोबाईलवर हिरवीगार टाकी आणि त्यात चमकणारे निळे-लाल निऑन टेट्रा बघून मुलं हट्ट धरतात आणि आईबाप घेऊन देतात. प्लॅस्टिकची झाडं जाऊन खरी आली याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्या टाकीत मासे कोणते टाकायचे हे ज्या पद्धतीने ठरतं ते बघवत नाही म्हणून हे पत्र, जरा लांब झालंय, तरी वाचकांच्या पत्रव्यवहारात जागा द्यावी.

आपल्याकडे मासे जोडीवर मिळतात. म्हणजे होतं काय की गिऱ्हाईक रंग बघून एक जोडी एंजल, एक जोडी टायगर बार्ब, एक जोडी गप्पी, एक जोडी सिल्व्हर शार्क आणि काच साफ करायला एक सकर असं घेतं, दुकानदार पिशव्यांत ऑक्सिजन भरून बांधतो आणि सांगतो, "घेऊन जा भो, सगळे सोबत राहतात." नाही राहत हो. टायगर बार्बला दुसऱ्याच्या शेपट्या कुरतडायची सवय असते, त्यात दोनच असले तर जास्तच, गप्पीची लांब शेपटी आणि एंजलचे पर त्यांना दिसले की संपलं. एंजल लहान असतो तोवर बरा, मोठा झाला की लांबी 15 सेंटीमीटरपर्यंत जाते आणि तोंडात मावेल तो मासा तो खातो, निऑन तर त्याचं खाद्यच. सिल्व्हर शार्क एक फुटाच्या वर जातो, त्याला दोन फुटी टाकीत ठेवणं हा निव्वळ छळ आहे. आणि "शार्क" नावाने अजून एक राखाडी मासा विकतात तो पंगासियस, तो तर मीटरभर वाढणारा मासा आहे! सकर दीड फुटाच्या आसपास जातो, मोठा झाल्यावर काच साफ करणं राहतं बाजूला, घाण तोच सगळ्यात जास्त करतो आणि झाडं उपटतो ते वेगळंच.

ह्या गोष्टी थोडं विचारलं तर कळतात. पण ज्याबद्दल कोणीच बोलत नाही ते म्हणजे आपलं पाणी. आपल्या भागात कितीतरी घरांत बोअरचं पाणी आहे, बादलीला आणि नळाला पांढरा थर बसतो ते सगळे बघतात. हे पाणी जड आहे, म्हणजे त्यात क्षार जास्त, बहुतेक वेळा पीएच पण सातच्या वर म्हणजे अल्कधर्मी. निऑन टेट्रा मूळचा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, तिथलं पाणी एकदम हलकं म्हणजे कमी क्षारांचं आणि आम्लधर्मी. आता बाजारात येणारे निऑन फार्मवर वाढवलेले असतात म्हणून थोडं सहन करतात, पण चेन्नई किंवा कोलकात्याकडून पिशवीत बंद होऊन इतक्या लांबचा प्रवास करून आलेला मासा थेट आपल्या बोअरच्या पाण्यात सोडला तर तो आठवडाभरात जातो आणि घरचे म्हणतात मासेच खराब होते. मासे खराब नव्हते, पाणी त्यांचं नव्हतं.

याउलट गप्पी, मोली, प्लॅटी ही पिल्लं देणारी मंडळी जड पाण्यातच खुश असतात. गप्पी तर आपल्याला ओळखीचाच, डासांच्या अळ्या खातो म्हणून हिवतापवाले विहिरीत, डबक्यात सोडतात तोच. लोक त्याला साधा समजून नाक मुरडतात, मला हे अजिबात पटत नाही. झाडांच्या टाकीत आठ-दहा नुसते नर गप्पी सोडून बघा, रंग तर विचारूच नका. नर-मादी एकत्र ठेवले तर मात्र साधारण चार आठवड्यांनी पिल्लं आणि मग परत पिल्लं, टाकी पुरत नाही, म्हणून नुसते नर घ्या किंवा एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवा आणि पिल्लांची सोय आधी बघा.

दुसरी गोष्ट आपला उन्हाळा. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास भुसावळचा पारा 44-45 ला जातो, घरात टाकीचं पाणी सहज 30 च्या वर. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, 25 अंशाला लिटरमागे साधारण 8.2 मिलिग्रॅम तर 35 ला 7 च्या आसपास, आणि त्याच वेळी उष्णतेमुळे माशाला ऑक्सिजन जास्त लागतो. त्यात लाईट गेली की पंप बंद. आणि टाकीत भरपूर झाडं असली तर दिवसा ती ऑक्सिजन देतात पण रात्री तीच ऑक्सिजन घेतात, त्यामुळे रात्री दोनला लाईट गेली की सकाळी मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. म्हणून मी नेहमी सांगतो, खान्देशात झाडांच्या टाकीसाठी पहिला मान गौरामीला द्या. गौरामीच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक वेगळा अवयव असतो, त्याने तो पाण्याच्या वर येऊन सरळ हवा घेतो. ऊन आणि लोडशेडिंग दोन्ही सोसेल असा शांत मासा शोधायचा तर यापेक्षा चांगला मला तरी माहीत नाही.

पण गौरामी म्हटल्यावर कोणताही उचलू नका. हनी गौरामी घ्या, तो पाचेक सेंटीमीटरचा, मधासारखा पिवळा, लाजाळू, बंगाल-आसामकडचा म्हणजे आपल्याच देशातला, झाडांच्या सावलीत हळूहळू फिरत असतो. टाकी तीन-साडेतीन फुटाची असेल तर पर्ल गौरामी, अंगावर मोत्यांसारखे ठिपके, तो 10-12 सेंटीमीटर होतो पण स्वभावाने गरीब. निळा गौरामी सगळीकडे मिळतो पण त्याचे नर दादागिरी करतात, लहान टाकीत नकोच. आणि जायंट गौरामी पिल्लू असताना बोटाएवढा दिसतो म्हणून कोणी गळ्यात मारला तर घेऊ नका, तो दोन फुटांचा होतो, खायला पाळतात तो मासा. फायटर पण असाच वरची हवा घेणारा, गरमीला चांगला, पण एका टाकीत एकच नर, आणि गप्पीसोबत नको कारण लांब शेपटी बघून तो त्याला दुसरा फायटरच समजतो.

मधल्या भागात फिरायला चेरी बार्ब. नावात बार्ब आहे म्हणून घाबरू नका, हा श्रीलंकेचा मासा टायगर बार्बच्या अगदी उलट, नर लालचुटुक होतात, झाडांत रमतो, कोणाच्या वाटेला जात नाही. झेब्रा डॅनिओ पण आपल्याच देशातला आणि काटक, फक्त तो उड्या मारतो तेव्हा टाकीला झाकण हवं, आणि त्याला थोडं थंड पाणी आवडतं. खाली बसणारा कोरिडोरस सगळ्यांना हवा असतो, गोड आहेच तो, पण साधे ब्रॉन्झ कोरी आपल्या मे महिन्यात हाल सोसतात, घ्यायचेच तर स्टर्बाय जात बघा, ती उष्णता जास्त सहन करते, आणि खाली टोकदार खडी नको, बारीक गोल वाळू हवी, नाहीतर मिश्या झिजतात.

आता तो जोडीचा प्रकार. चेरी बार्ब, डॅनिओ, टेट्रा, कोरी हे कळपाचे मासे, कमीत कमी सहा लागतात. दोनच ठेवले तर एकतर कोपऱ्यात लपतात नाहीतर दुसऱ्यांना त्रास देतात. पाच जातींची एकेक जोडी घेण्यापेक्षा एकाच जातीचे आठ घ्या, टाकी कितीतरी सुंदर दिसते. 60 बाय 30 बाय 30 सेंटीमीटरची टाकी म्हणजे 54 लिटर, वाळू-झाडं धरून पाणी त्याहून कमीच. तिच्यात आठ चेरी बार्ब आणि तीन हनी गौरामी, बस. हातात पैसे आहेत म्हणून अजून टाकू नका.

आणि टाकी भरली त्याच दिवशी मासे नाही. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर बसायला तीन ते सहा आठवडे जातात. हे नियम सगळीकडचे आहेत पण आपल्याकडे ते जास्त कडक पाळायला हवेत, कारण अमोनियाचं विषारी रूप पीएच आणि तापमान वाढलं की वाढतं. पीएच 7 आणि 25 अंशाला एकूण अमोनियाच्या एक टक्काही विषारी नसतो, पीएच 8 आणि 30 अंशाला तोच सात टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे पुण्यात जेवढं जास्त खाणं टाकून चालून गेलं असतं तेवढं इथे चालणार नाही.

झाडांबद्दल थोडक्यात. व्हॅलिस्नेरिया जड पाण्यात मस्त वाढतं, अनुबियास आणि जावा फर्न लाकडाला किंवा दगडाला बांधायचं, त्याचा आडवा खोडाचा भाग वाळूत पुरला की सडतो. या झाडांना कार्बन डायऑक्साइड गॅसच्या सिलेंडरची गरज नाही. गोल्डफिश आणि सिल्व्हर डॉलर मात्र झाडांच्या टाकीत कधीच नको, दोघंही पालेभाजीसारखी झाडं फस्त करतात.

उन्हाळ्यात टाकीचं झाकण काढून वर जाळी लावा आणि एका छोट्या पंख्याची हवा पाण्याच्या पृष्ठभागावर सोडा, आपली हवा कोरडी असल्याने पाणी उडतं आणि दोन-तीन अंश सहज उतरतात. पण उडतं ते नुसतं पाणी, क्षार टाकीतच राहतात, म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी परत बोअरचं टाकत राहिलात तर पाणी दिवसेंदिवस जड होत जातं. ती भर आरओच्या शुद्ध पाण्याने करा, आरओमधून बाहेर फेकलं जातं ते पाणी नाही, त्यात तर क्षार अजून जास्त. नगरपालिकेचं पाणी असेल तर क्लोरीन घालवायचं औषध टाकूनच वापरा. सेलवर चालणारा एअर पंप घरात असू द्या. आणि जानेवारीत धुळ्या-नंदुरबारकडे रात्री एवढी थंडी पडते की हीटर लागतोच, तेव्हा आळस नको. नवीन टाकी सुरू करायची तर मे महिन्यात नका करू, पाऊस पडून हवा निवली की करा.

आता विनंती. आपल्या भागातल्या दुकानदारांनी प्रत्येक टाकीवर एक कागद चिकटवावा, माशाचं नाव, मोठा झाल्यावर किती लांब होतो, किती जणांच्या कळपात ठेवायचा, झाडं खातो का. एवढं लिहायला काही खर्च नाही आणि गिऱ्हाईक टिकतं. आपल्या वर्तमानपत्राने रविवारच्या पुरवणीत ही माहिती तक्त्यात दिली तर हजारो घरांत पोहोचेल. आणि मोठे झालेले मासे दुकानदारांनी परत घ्यावेत, कारण ते घेत नाहीत म्हणून लोक सकर आणि पंगासियस जळगावच्या मेहरूण तलावात नाहीतर तापीत, गिरणेत नेऊन सोडतात. सकर देशात बऱ्याच ठिकाणी तळ्या-नद्यांत पसरलाय, इथल्या माशांचं खाणं आणि जागा दोन्ही बळकावतो, मच्छीमारांची जाळी त्याच्या काट्यांनी फाटतात आणि बाजारात त्याला भाव नाही. कोणी परत घेत नसेल तर मोठी टाकी असलेल्या माणसाला फुकट द्या पण नदीत सोडू नका.

आपला नियमित वाचक,
भुसावळ