मॅनी मल्होत्रा यांची ओळख वंशापुरती नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परदेशात नाव काढणाऱ्या भारतीय वंशाच्या खेळाडूंची दखल मराठी वृत्तपत्रे आवर्जून घेतात, याचा एक वाचक म्हणून मला आनंद वाटतो. मात्र अशा बातम्या बहुधा आडनाव आणि आईवडिलांचे मूळ यांपाशीच थांबतात आणि त्या खेळाडूने इतकी वर्षे नेमके कोणते काम केले, हे सांगायचे राहून जाते. कॅनडाचे व्यावसायिक आइस हॉकीपटू मॅनी मल्होत्रा यांच्या कारकिर्दीविषयी हे पत्र लिहीत आहे ते त्यामुळेच.

मल्होत्रा यांचा जन्म १९८० सालचा, ओंटारिओ प्रांतातील मिसिसॉगा शहरातला. वडील भारतीय, तर आई फ्रेंच-कॅनेडियन. १९९८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी पाळीपाळीने तरुण खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेत, न्यूयॉर्क रेंजर्सने त्यांना सातव्या क्रमांकावर निवडले आणि वयाच्या अठराव्या वर्षीच ते नॅशनल हॉकी लीग या उत्तर अमेरिकेतील सर्वोच्च आइस हॉकी स्पर्धेत खेळू लागले. इतक्या वरच्या क्रमांकावर निवडलेल्या मुलाकडून गोलांचा पाऊस अपेक्षित असतो आणि तो पडला नाही. रेंजर्सनंतर डॅलस, कोलंबस, सॅन होजे, व्हँकूव्हर, कॅरोलायना आणि माँट्रियल अशा संघांतून त्यांनी एकूण ९९१ सामने खेळले आणि ११६ गोल केले, म्हणजे साधारण साडेआठ सामन्यांमागे एक. केवळ हे आकडे पाहणाऱ्याला प्रश्न पडेल की, या माणसाला इतकी वर्षे संघात ठेवले तरी कशासाठी?

त्याचे उत्तर फेस-ऑफमध्ये आहे. खेळ थांबून पुन्हा सुरू होताना पंच पक, म्हणजे टणक रबराची चकती, दोन खेळाडूंच्या मधोमध टाकतो आणि ज्याची काठी अधिक चपळ त्याच्या संघाकडे ताबा जातो. स्वतःच्या गोलजवळ हा फेस-ऑफ हरणे म्हणजे प्रतिस्पर्ध्याला फटक्याची आयती संधी देणे होय. प्रत्येक फेस-ऑफमध्ये एक जिंकतो आणि दुसरा हरतो, त्यामुळे सर्वांची मिळून सरासरी ५० टक्केच राहते. मल्होत्रा यांनी २०१०-११ च्या हंगामात ६१ टक्क्यांहून अधिक फेस-ऑफ जिंकले. व्हँकूव्हरच्या प्रशिक्षकांनी त्यांच्यावर आपल्या गोलजवळचे फेस-ऑफ आणि सहकारी शिक्षा भोगत बाहेर बसलेला असतानाचा बचाव सोपवला, तेव्हाच संघातील हेन्रिक आणि डॅनियल सेडिन या जुळ्या भावांना प्रतिस्पर्ध्याच्या भागात अधिकाधिक वेळ खेळता आले. त्या हंगामात लीगमध्ये सर्वाधिक गुणांचा (गोल आणि गोलला केलेले साहाय्य मिळून) मान डॅनियल सेडिन यांना मिळाला. तो त्यांनी स्वतःच्या कौशल्यावर मिळवला हे खरेच, परंतु त्यात मल्होत्रा यांचाही वाटा होता, असे माझे ठाम मत आहे.

१६ मार्च २०११ रोजी कोलोरॅडोविरुद्धच्या सामन्यात उसळलेला पक त्यांच्या डाव्या डोळ्यावर आदळला. हेल्मेटला व्हायझर, म्हणजे डोळ्यांपुढची पारदर्शक काच, नव्हती. शस्त्रक्रिया झाल्या, दृष्टी पूर्ण परतली नाही. तरीही ४ जून रोजी लीगच्या विजेतेपदाच्या, म्हणजे स्टॅनले चषकाच्या अंतिम मालिकेतील दुसऱ्या सामन्यात ते संपूर्ण चेहरा झाकणारे कवच लावून बर्फावर उतरले आणि व्हँकूव्हरच्या प्रेक्षकांनी उभे राहून त्यांचे स्वागत केले. ती मालिका सातव्या सामन्यात बॉस्टनने जिंकली.

नॅशनल हॉकी लीगने व्हायझर सक्तीचा केला तो २०१३ मध्ये, आणि तोही २६ पेक्षा कमी सामने खेळलेल्यांपुरताच. जुन्या खेळाडूंना सवलत देण्याची ही पद्धत मला मुळीच पटत नाही. १९७९ मध्ये हेल्मेट सक्तीचे करतानाही तशीच सवलत दिली गेली होती. खेळाडूचा अनुभव वाढला म्हणून त्याचा डोळा अधिक मजबूत होत नाही, आणि ज्या व्यवसायात कच खाल्ल्याची शंकासुद्धा महागात पडते, तेथे हा निर्णय एकट्या खेळाडूवर सोडणे म्हणजे नियामकांनी आपली जबाबदारी झटकणे आहे.

फेब्रुवारी २०१३ मध्ये त्यांच्या सुरक्षिततेची चिंता व्यक्त करून व्हँकूव्हर संघाने त्यांना उर्वरित हंगामासाठी जायबंदींच्या यादीत टाकले. या निर्णयामागची काळजी खरी असेलही. मात्र मल्होत्रा यांनी निवृत्ती पत्करली नाही. दुय्यम लीगमधील शार्लट चेकर्स संघात त्यांनी चाचणीपासून पुन्हा सुरुवात केली, तेथून कॅरोलायनाने त्यांना बोलावले आणि त्या हंगामात ते ६९ सामने खेळले. यावरून विली ओ’री यांची आठवण होते. १९५८ मध्ये बॉस्टनकडून खेळून या लीगमधील पहिले कृष्णवर्णीय खेळाडू ठरलेल्या ओ’री यांची उजव्या डोळ्याची जवळजवळ सर्व दृष्टी आधीच गेली होती आणि ही गोष्ट उघड झाली असती तर त्यांना खेळताच आले नसते, म्हणून त्यांनी ती लपवून ठेवली. मल्होत्रा यांची दुखापत जगजाहीर होती. प्रत्येक सामन्यात त्यांच्या डोळ्याकडे बोट दाखवले जाणार हे ठाऊक असूनही ते आणखी दोन हंगाम खेळले, याला मी अधिक मोठे धैर्य मानतो.

पुढे व्हँकूव्हर आणि टोरोंटो या संघांचे सहायक प्रशिक्षक म्हणून काम केल्यावर २०२४ मध्ये ते अ‍ॅबट्सफर्ड कॅनक्सचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि पहिल्याच हंगामात, जून २०२५ मध्ये, त्यांच्या संघाने दुय्यम लीगचा काल्डर चषक जिंकला. कॅनडातील सरे शहरात जन्मलेले पंजाबी वंशाचे अर्शदीप बेन्स त्या विजेत्या संघात होते, आणि अंतिम मालिकेत हरलेला संघ होता शार्लट चेकर्स.

आपला,
एक वाचक, पुणे