ग्रंथपालताई, आभाराला दीड मिनिट पुरत नाही

आदरणीय ताई,

लेखकाशी संवादाच्या कार्यक्रमात तुम्ही आभारप्रदर्शनाला दीड मिनिट ठेवलंय, आणि त्या दीड मिनिटात तुमचं नाव घ्यायची बंदी. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. दुसऱ्या गावांत असे कार्यक्रम करणाऱ्यांच्या हाती ते पडलं तर बरंच, कारण तुम्ही बसवलेली पद्धत एका वाचनालयापुरती ठेवण्यासारखी नाही.

नाशिकला ऐकायची सवय जुनी आहे. सार्वजनिक वाचनालय १८४० चं, आणि उन्हाळ्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला भरते. पण व्याख्यानाला श्रोता रिकाम्या हाताने आला तरी भागतं. जात, जमीन, बाईचं काम, गटारात उतरणारी माणसं अशा विषयांवरच्या पुस्तकाबद्दल लेखकाशी बोलायचं तर सभागृहातल्या निदान तिसऱ्या हिश्श्याने ते पुस्तक वाचलेलं लागतं. नाहीतर लेखक सारांश सांगतो, लोक विषयावर आपलं ठरलेलं मत सांगतात, आणि पुस्तक टेबलावर पुष्पगुच्छाशेजारी मिटलेलं राहतं. लेखक ठरवायच्या आधी वाचक गोळा करायचे हे तुम्ही शिकवलंत. बाकीचं सगळं त्यातून आलं.

तुमचं गणित साधं. दहा प्रती, एका वाचकाला दहा दिवस, चार फेऱ्या, म्हणजे चाळीस वाचक. सभागृह एकशेवीस खुर्च्यांचं. चाळीस दिवस वाचनाचे आणि दहा दिवस उशिराचे धरून प्रती पन्नास दिवस आधी हातात हव्यात. प्रत देवघेवीच्या खिडकीवर परत करायची नाही, पुढच्या वाचकाच्या हातात द्यायची आणि तुम्हाला फक्त कळवायचं, हा नियम आधी अव्यवहारी वाटतो. पण प्रत हातातून हातात जाताना दोन वाचकांचं दहा मिनिटं बोलणं होतं आणि कोण कुठल्या प्रकरणात अडकलं ते कळतं. उशीर बहुधा दुसऱ्या फेरीत होतो, कारण पहिल्या फेरीतले उत्साही वाचक एकदा वाचून झाल्यावर पुन्हा वाचायला बसतात. त्यासाठी अकरावी प्रत तुमच्या कपाटात, कुणालाही न देण्याची.

दहाही प्रती एकाच आवृत्तीच्या, यावर तुम्ही अडून बसता ते उगाच नाही. नव्या आवृत्तीला नवी प्रस्तावना जोडली की पुढची सगळी पानं सरकतात. वाचक १४२ म्हणतो, लेखक आपल्या प्रतीत १५६ शोधतो, आणि तेवढ्या वेळात सभागृह मोबाइल काढतं. लेखकाकडेही तीच आवृत्ती आहे ना, हे आधी फोन करून विचारायचं. लेखकांकडे बहुतेकदा पहिलीच आवृत्ती असते, तीसुद्धा कुणाला तरी दिलेली.

चालू प्रश्नांवरच्या पुस्तकांना आणखी एक दुखणं असतं, ती छापून येईपर्यंत जुनी होतात. प्रत्येक प्रतीत तुम्ही ठेवता तो अर्धा कागद, 'पुस्तकानंतर काय घडलं', हा आमच्या मते तुमचा सगळ्यात मोठा शोध आहे. जातपंचायतींचंच घ्या. जातपंचायतीला मूठमाती देण्याचं अभियान २०१३ मध्ये नाशिकमधूनच सुरू झालं. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा राज्याचा कायदा २०१६ चा, लागू झाला २०१७ मध्ये. मधल्या काळातल्या पुस्तकात 'कायदा हवा' असंच असणार. तो कागद नसेल तर प्रश्नांचा अर्धा वेळ लेखकाची चूक काढण्यात जातो, जी चूक नसतेच. कागद असला की प्रश्न पुढे सरकतो: कायदा आला, मग गावात तक्रार द्यायला माणूस पुढे का येत नाही?

आता चिठ्ठ्या, वाचकांनी आधीच लिहून खोक्यात टाकायच्या. पिवळी पुस्तकातल्या शंकेसाठी, तिच्यावर पान क्रमांक सक्तीचा. पांढरी स्वतःच्या अनुभवासाठी, तिच्यावर काहीच सक्तीचं नाही. कार्यक्रमाच्या चार दिवस आधी खोकं उघडायचं. ज्यांना लिहिता येत नाही किंवा लिहायचं नाही त्यांच्यासाठी कुणीतरी त्यांच्या तोंडचेच शब्द लिहून घ्यायचे, सुधारायचे नाहीत. उघड्या सभेत पहिला हात नेहमीच्या तीन-चार जणांचाच वर जातो, आणि मागच्या रांगेतल्या बायका पर्स आवरायला लागतात. चिठ्ठीला ना रांग असते ना आवाज. पन्नास मिनिटांत उत्तरांसकट नऊ प्रश्न होतात, दहावा घेतला की शेवटचे तीन घाईत जातात.

निवड करताना तुम्ही प्रश्न नाकारत नाही, वाचकाकडे परत पाठवता: 'कुठल्या पानावरून सुचलं?' काळाराम मंदिर सत्याग्रहावरच्या पुस्तकाला 'सत्याग्रह यशस्वी झाला का?' ही चिठ्ठी हमखास येते. असा प्रश्न लेखकाला दिला की त्याचं तयार भाषण सुरू होतं: २ मार्च १९३० ची सुरुवात, दादासाहेब गायकवाडांचं नेतृत्व, १९३५ पर्यंत चाललेला लढा, त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला धर्मांतराची येवल्याची घोषणा. सगळं खरं, पण नाशिककराला पाठ असलेलं. हीच चिठ्ठी पान शोधून परत येते तेव्हा तिचं असं काही होतं: बाबासाहेबांनी १९३४ मध्ये दादासाहेबांना पत्रात कळवलं होतं की आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून हा लढा नव्हता, मग तुमच्या या प्रकरणात लढ्याचं मोजमाप दार उघडलं की नाही यावरच का? याला तयार भाषण नसतं. लेखक थांबतो, पान उलटतो, कधी कबूल करतो. लोक त्या थांबण्यासाठीच आलेले असतात.

पांढऱ्या चिठ्ठीबद्दल थोडं जास्त लिहायचं आहे. 'फक्त प्रश्न विचारा, भाषण नको' हा सगळीकडचा नियम आम्हालाही शहाणपणाचा वाटायचा. पण सफाई कामगारांवरच्या पुस्तकाच्या कार्यक्रमात सफाई कामगारालाच 'प्रश्न काय तो सांगा' म्हणायचं, म्हणजे पुस्तक ज्याच्याबद्दल आहे त्यालाच गप्प करणं. तुम्ही अनुभवाला त्याची वेगळी जागा दिलीत: प्रश्नांच्या आधी दोन माणसं, प्रत्येकी तीन मिनिटं, आदल्या दिवशी विचारून, आणि आयत्या वेळी नको वाटलं तर कारण न सांगता नाही म्हणायची मुभा ठेवून. त्या सहा मिनिटांत कॅमेरा बंद. अर्ध्या मिनिटाचा तुकडा कापून फिरवला गेला तर त्याची किंमत त्या माणसाला वस्तीत आणि कामावर मोजावी लागते, आयोजकाला नाही.

याचीच दुसरी बाजू लेखकाच्या खुर्चीकडे. लेखक दलित, आदिवासी किंवा भटक्या समाजातला असेल तर प्रश्न त्याच्या दुःखाकडे जातात, आणि वरच्या जातीतला पत्रकार असेल तर आकडेवारी आणि धोरणाकडे. संवादकाला तुम्ही देता त्या कागदावर म्हणूनच पहिले दोन प्रश्न लेखनाबद्दलचे असतात: हा शब्द का निवडला, हे प्रकरण इतकं छोटं का, काय गाळलं. 'तेव्हा तुम्हाला काय वाटलं?' या प्रश्नावर तुमची लाल रेघ. ज्याने तीनशे पानं त्यावरच लिहिली त्याला ते पुन्हा तोंडी सांगायला लावणं हा आळस आहे, आमच्या मते थोडा उद्धटपणाही.

अशा कार्यक्रमांना लोक पुस्तकाबरोबर आपली प्रकरणंही घेऊन येतात. वनजमिनीवरच्या पुस्तकाला सुरगाणा, पेठ, दिंडोरीकडचे लोक दाव्याचे कागद पिशवीत घालूनच येतात. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालत गेलेल्या मोर्चात त्यांच्यातले कितीतरी असतील. लेखक म्हणजे वकील नव्हे. तो सहानुभूतीने काहीतरी सांगून जातो आणि माणूस त्यावर विसंबून राहतो. त्यासाठी तुम्ही दाराजवळ टेबल लावता आणि तिथे दावे भरून देणारा जाणता माणूस बसवता. त्याच्यापुढच्या कागदावर मोजक्या ओळी: वनहक्क कायदा २००६ चा, ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा हवा, जमीन प्रत्यक्ष कसत असलेल्या क्षेत्राइतकी, कमाल चार हेक्टर, ग्रामसभेच्या ठरावावर तक्रार उपविभागीय समितीकडे, तिच्या निर्णयावर जिल्हा समितीकडे, दोन्हीकडे मुदत साठ दिवसांची. नाकारल्याचं कारण लेखी मागून घ्या आणि कागदावर तारीख बघा, हे तो दोनदा सांगतो, कारण दावा मुदतीत अडकला तर आधी तारखेवरच अडकतो. अत्याचाराच्या प्रकरणांसाठी वेगळी ओळ: अनुसूचित जाती-जमातींची माणसं आणि स्त्रिया यांना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातल्या कलम १२ प्रमाणे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही, अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे.

व्यासपीठावरचं थोडक्यात, कारण त्यावर तुम्ही आम्हाला पुरेसं रागावला आहात. दीपप्रज्वलन नाही, शाल-श्रीफळ नाही. हे तत्त्व म्हणून कमी आणि माईकसाठी जास्त: कॉलरच्या माईकवर शाल आली की पुढचा पाऊण तास खरखर. परिचय नव्वद सेकंदांचा, पुरस्कारांची यादी वगळून. सुरुवातीला लेखकाने स्वतः तीन मिनिटं वाचायचं, पान आपण सुचवायचं, कारण लेखक बहुधा सर्वांत अवघड परिच्छेद निवडतो. सभागृहातला माईक कुणाच्या हातात द्यायचा नाही, स्वयंसेवकाने धरायचा. हाताला सुटला की तो परत येत नाही. मानधन आणि प्रवासखर्च पत्रात आधी लिहून, पाकीट उतरताना नाही तर आल्याबरोबर. १४ एप्रिल, ३ जानेवारी, २६ नोव्हेंबरच्या आसपासच्या तारखा टाळायच्या, त्या दिवसांत एकेका लेखकाला दिवसाला तीन-तीन सभा असतात आणि तुमच्याकडे येतो तो बसलेला घसा. वेळ संध्याकाळी पाचची, म्हणजे सातपूर-अंबडची पहिली पाळी सुटून घरी हातपाय धुऊन येता येतं. साडेसातला संपवायचं, नाशिकरोडकडच्यांची बस चुकत नाही.

एका गोष्टीवर मात्र आमचा मतभेद कायम आहे. कार्यक्रमानंतर लेखकाची सही घ्यायला रांग लावू नये, असं तुमचं म्हणणं. विक्री त्यामुळेच होते, असं आमचं. प्रकाशकाकडून न खपलेल्या प्रती परत घेण्याची बोली आधी ठरवून घेतली की या भांडणातली निम्मी हवा जाते, हे मान्य. उरलेली निम्मी चहाच्या टेबलावर.

पुढच्या पुस्तकाच्या अकरा प्रती सोमवारी येतील, सगळ्या दुसऱ्या आवृत्तीच्या, तपासून घेतल्या आहेत. अर्धा कागद अजून कोरा आहे. प्रकरण चौथ्यानंतर काय बदललं ते तुम्हीच सांगाल. चिठ्ठ्यांचं खोकं तुमच्याकडे आहे, किल्लीही.

आपले,
खुर्च्या मांडणारे सगळे
नाशिक