माझ्या मुलाची मान जपणाऱ्या त्या दोघांचे आभार

गेल्या रविवारी कबड्डीच्या सामन्यात चढाई करताना तिघांच्या पकडीत माझा मुलगा डोक्यावर आपटला आणि निपचित पडला, तेव्हा आम्ही सगळे त्याला उठवून बसवायला, पाणी पाजायला धावलो होतो. प्रेक्षकांतून आलेल्या एका ताईंनी आम्हाला ठामपणे थांबवले. मातीत गुडघे टेकून त्यांनी त्याचे डोके दोन्ही तळहातांत जसेच्या तसे धरले आणि १०८ची रुग्णवाहिका येईपर्यंत जराही हलू दिले नाही. त्यांच्यासोबतच्या तरुणाने आधी श्वास पाहिला, मग नाडी. मुलगा शुद्धीवर येताच त्याला नाव विचारले, हातापायांची बोटे हलवायला लावली आणि प्रत्येक नोंद वेळेसह स्वतःच्या तळहातावर लिहून रुग्णवाहिकेतील डॉक्टरांना वाचून दाखवली. मणक्याला इजा असताना घाईने उचलल्यास मज्जारज्जू दुखावू शकतो आणि बेशुद्धावस्थेत पाजलेले पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते, हे मला नंतर रुग्णालयात समजले. मानेच्या मणक्याला बारीक तडा होता. मज्जारज्जू सुरक्षित आहे. आपली नावे विचारायचीही राहून गेली. ताई, दादा, काल तो आधाराशिवाय जिना चढला, हे आपल्यापर्यंत पोहोचावे. आपल्या दोघांचे अंतःकरणपूर्वक आभार.