सिस्टर, तुम्ही आमच्याकडून वस्ती मांडून घेतलीत

प्रिय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

तुमची बदली झाली तेव्हा हार, नारळ, समोसे सगळं झालं, पण मनासारखे आभार मानायचे राहूनच गेले. हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय. तुम्ही काय केलंत ते इंदूरच्या इतर वस्त्यांमधल्या बायकांनाही कळू दे. नाव लिहीत नाही, तुम्हाला ते खपणार नाही.

महिला आरोग्य समिती आमच्याकडे आधीही होती, कागदावर. शहरी आरोग्य अभियान 2013 साली आलं, त्यातलीच ही योजना. 50 ते 100 घरांमागे एक समिती, वर्षाला 5,000 रुपये, आणि खात्यावर अध्यक्षा म्हणून माझी व आशाताईंची सही. पैसे आले की खुर्च्या घ्यायच्या की सतरंजी, इथवरच आमचं नियोजन जायचं.

तुम्ही म्हणालात, आधी वस्ती मांडा. मारुतीच्या देवळापुढे रांगोळीने गल्ल्या काढल्या, नाला काढला, नळ काढले. गरोदर बाई असेल त्या घरावर कुंकू, दोन वर्षांखालचं मूल असेल तिथे हळद, पावसाळ्यात जुलाब झाले असतील तिथे मसुरीचा दाणा. नाल्याकाठच्या ओळीत मसूर इतकी पडली की खुर्च्यांचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. त्या वर्षीचे पैसे झाकणाच्या, तोटीच्या टाक्यांना आणि अडल्यानडल्या बाळंतिणीच्या रिक्षाला गेले.

पुलापलीकडच्या पत्र्याच्या खोल्या मात्र आम्ही काढल्याच नव्हत्या. झाबुआकडून बांधकामावर आलेली माणसं, आज आहेत, उद्या नाहीत. शेजारच्या काकू म्हणाल्याही, "ती कुठे आपल्यातली?" तुम्ही रांगोळीचा डबा त्यांच्याच हातात दिलात. "काकू, ते पाणी कुठल्या नळावर भरतात?"

"आपल्याच."

"मग काढा."

काकूंनी तोंड वाकडं करून काढल्या. पण काढल्या. आणि हळद सगळ्यात जास्त तिथेच लागली.

त्या मुलांची लसीकरणाची कार्डं गावी राहिलेली. पेंटाचे, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्रित लसीचे, डोस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना; एखादा चुकला की पुन्हा पहिल्यापासून टोचणार, या धास्तीने आया यायच्याच नाहीत. राहिला असेल तिथून पुढे द्यायचा असतो, हे तुम्ही दारोदार जाऊन सांगितलंत.

वेळेचंही तसंच. सकाळी आमच्या निम्म्या बायका धुणीभांड्याला विजयनगरकडे गेलेल्या असतात. लसीकरण सकाळी, म्हणजे आया कामावर. तुम्ही वेळ दुपारी सरकवून घेतलीत. गोवर-रुबेलाची कुपी एकदा पातळ केली की चार तासांत वापरावी लागते, उरली तर फेकायची. त्यामुळे एक आई दहाला आणि दुसरी तीनला आली तर लस वाया जाते, हे तुम्ही आम्हाला समजावलंत, म्हणून आम्हीही वेळ पाळायला लागलो. आम्हाला विचारून वेळ ठरवणारं याआधी कोणी भेटलं नव्हतं. (कारणही कोणी सांगत नसे, फक्त ओरडत.)

पॅट्रिक गेडिस नावाच्या नगररचनाकाराची गोष्ट तुम्हाला मी तेव्हा सांगायला हवी होती. 1918 साली होळकर दरबाराला त्यांनी शहराचा अहवाल दिला, ते हेच. प्लेगच्या त्या दिवसांत त्यांनी दिवाळीला मिरवणूक काढली, प्लेगचा भलामोठा उंदीर त्यात होता, आणि जे रस्ते लोक सर्वांत स्वच्छ करतील तिथूनच मिरवणूक जाणार असं जाहीर केलं. घरोघर झाडझूड सुरू झाली. हुकूम काढून ते झालं नसतं. तुमची रांगोळी मला त्याच जातीची वाटते.

सगळं सुधारलं असं खोटं लिहिणार नाही. पाण्याचा पाइप अजून नाल्यातूनच जातो. अर्ज देऊन झाले, फोटो देऊन झाले. मसूर तिथे अजून पडते.

नव्या सिस्टर रुजू झाल्यात. वहीत उतरवलेला नकाशा त्यांना दाखवला. पुलापलीकडे आता दुसरी इमारत चालू आहे, खोल्यांमधली माणसं बदललीत, तेवढा भाग पुढच्या बैठकीत पुन्हा मांडायचाय. यंदा काकू स्वतःच डबा आणणार आहेत. सुट्टी असली तर या, पोहे आमच्याकडे.

तुमची,
महिला आरोग्य समितीची अध्यक्षा