क कोंबडीचा, ळ पतंगाचा

बँकॉक,
21 सप्टेंबर 2025

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "डिसेंबरात महिनाभर तिकडे येऊन आम्ही बोलायचं कुणाशी? मुक्यासारखं बसायचं?" मी कामाच्या गडबडीत होते, नीट उत्तर दिलं नाही, आणि ते दोन दिवस मनाला लागून राहिलं. म्हणून हे पत्र. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बाबांच्या डोळ्यांना ताण नको.

बाबा, तुम्हाला इथे मुकं बसावं लागणार नाही. इथली निम्मी शाळा तुम्ही आधीच शिकवलेली आहे.

थाई वर्णमालेत 44 व्यंजनं आहेत, त्यांतली दोन आता वापरात नाहीत. मुलं ती घोकतात अशी: को काय, खो खाय. काय म्हणजे कोंबडी, खाय म्हणजे अंडं. म्हणजे क कोंबडीचा, ख अंड्याचा! पुढे ङ सापाचा, कारण सापाला म्हणतात ङू. पहिलीच्या वर्गात ज्या ङसाठी तुम्हाला एक शब्द सापडायचा नाही, त्याने इथे शब्द सुरू होतात. वर्गांचा क्रमही आपलाच. कवर्ग, चवर्ग करत य र ल व, मग तीन स, मग ह. आणि ह च्या पुढे काय असेल? ळ. पहिल्यांदा तक्त्यावर तो दिसला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याचं नाव 'लो चुला', चुला म्हणजे एक प्रकारचा पतंग. उच्चार आता साध्या ल सारखाच होतो, पण लिहिताना तो जपतात. खेळांना म्हणतात 'कीला', मूळ पालीतलं कीळा, आणि त्यात हाच ळ.

सुखोथाई या इथल्या जुन्या राज्याच्या रामखामहेंग राजाने 1283 मध्ये ही लिपी घडवली, असं परंपरेने मानतात. ती निघाली कंबोडियाच्या ख्मेर लिपीतून, आणि ख्मेर लिपी दक्षिण भारतातल्या पल्लव लिपीतून. म्हणून मात्रा लावायची पद्धत ओळखीची वाटते. ए, ओ, आय यांची चिन्हं व्यंजनाच्या आधी लिहायची आणि उच्चारायची मात्र नंतर. पहिल्या वेलांटीचंही तसंच ना? 'कि' लिहिताना वेलांटी आधी का, म्हणून मी रडले होते आणि तुम्ही पाटीवर हात धरून गिरवून घेतलं होतंत. इथली बहुतेक अक्षरं एका छोट्या गाठीपासून सुरू होतात. गाठ आधी, रेघ नंतर. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, आजोबांच्या मोडी कागदांसारखं सगळं सलग. सुरुवातीला डोळे फिरतात, मग शब्द आपोआप सुटे दिसू लागतात.

उच्चार मात्र सरकलेत. संस्कृतातून आलेल्या शब्दांतला ग इथे ख होतो, द चा थ, ब चा फ. गुरू झाला ख्रू, नगर झालं नखोन. टेलिफोन म्हणजे थोरसप, फोड करून पाहा: दूर-शब्द! शब्दाच्या शेवटी र किंवा ल आला की तो न होतो, म्हणून आहार म्हणजे आहान, आणि भूमिबल राजाचं नाव फूमिफोन. पण लिहिताना मूळ अक्षरं पुसत नाहीत. चंद्राला 'चान' म्हणतात, तरी पुढचे द आणि र लिहितात आणि 'हे बोलायचं नाही' एवढं सांगणारं बारीकसं चिन्ह डोक्यावर देतात. हे मला फार आवडतं. जीभ आपल्या सोयीने वळली, तरी शब्द कुठून आला ते कागदावर राहिलं.

तुम्ही उतराल तो विमानतळ सुवर्णभूमी, पण लोक म्हणतात सुवन्नफूम. तुम्ही याल तो महिना थन्वाखोम, त्यात आपली धनू रास आहे. सगळ्या महिन्यांना राशींचीच नावं आहेत. 30 दिवसांच्या महिन्याच्या शेवटी 'योन', 31 च्या शेवटी 'खोम', म्हणजे मुठीवर मोजायलाच नको. रविवार म्हणजे 'वान आथित', आदित्याचा दिवस. गावाकडची आजी आइतवार म्हणायची, ते इथे रोज कानावर पडतं.

रोमन अक्षरांतलं 'थाई शिका' पुस्तक मात्र विकत घेऊ नका. त्यात क-ख, प-फ यांचा गोंधळ होतो. माझ्या वर्गातल्या एका ऑस्ट्रेलियन बाईंना काय आणि खाय यांतला फरक कित्येक दिवस ऐकूच येईना, बिचाऱ्या अंडं मागताना कोंबडी मागत. तुम्हाला तो फरक जन्मापासून येतो. देवनागरीत लिहून घ्या, तीच बरी.

देवनागरीला एक मोठी गोष्ट लिहिता येत नाही, ती म्हणजे सूर. आणि खरी भाषा तिथेच आहे. आई, तू फोनवर 'हं' किती तऱ्हांनी म्हणतेस ते आठव. ऐकतेय म्हणून सपाट हं, पटलं नाही म्हणून खालचा हं, 'हंऽ, आता कळलं' म्हणून वरून उतरणारा, आणि 'हं?' असा वर चढणारा. थाईत असे पाच सूर आहेत: सपाट, खालचा, उतरता, उंच, चढता. आपल्याकडे सुराने भाव बदलतो, इथे शब्दच बदलतो. मा सपाट म्हटलं तर 'ये', उंच म्हटलं तर घोडा, चढत्या सुरात म्हटलं तर कुत्रा.

मला सगळ्यांत जड गेला तो 'क्लाय'. सपाट क्लाय म्हणजे दूर, उतरता क्लाय म्हणजे जवळ. पहिल्याच महिन्यात घरमालकीणबाईंनी विचारलं, आईचं घर कुठे? मला 'दूर' म्हणायचं होतं, पण दिवसभराच्या थकव्याने आवाज खाली घसरला. त्या म्हणाल्या, "अगं मग रविवारी घेऊन ये ना आईला जेवायला." मी काहीच बोलू शकले नाही, नुसती मान हलवली. खोलीत येऊन खूप वेळ खिडकीशी बसून राहिले. तेव्हापासून ते दोन सूर मी चुकले नाही. आता तुम्ही येताय म्हटल्यावर त्यांनी स्वतःच आठवण काढली, रविवार ठरलाय.

वागण्याचं थोडं सांगते. हात जोडून नमस्कार इथेही आहे, त्याला 'वाय' म्हणतात. धाकट्याने आधी करायचा, मोठ्याने उत्तर द्यायचं. बाबांनी वाक्याच्या शेवटी 'ख्रप' म्हणायचं, आईने 'खा', आपल्या 'जी' सारखं. आई, एक आधीच सांगून ठेवते. भिक्षू दिसले की तू वाकून पायांना हात लावायला जाशील, तसं करू नकोस. बाईने त्यांना स्पर्श करायचा नसतो, लांबून हात जोड. आणि कुणाचं लेकरू गोड दिसलं तरी त्याच्या डोक्यावरून हात फिरवू नकोस, डोकं इथे फार पवित्र मानतात. पाय कुणाकडे करून बसायचं नाही, चपला दाराबाहेर, ते तर आपल्या घरचंच आहे. बाजारात तुम्हाला 'लुंग' आणि 'पा' म्हणून हाक मारतील, म्हणजे आईबापांपेक्षा वडील असलेले काका-काकू.

आईसाठी एक शब्द राखून ठेवला होता. मनाला इथे 'चाय' म्हणतात, आपल्या चार मधला च. 'खाव चाय', मनात शिरलं, म्हणजे समजलं. 'चाय येन', थंड मन, म्हणजे शांत माणूस. आणि 'नाम चाय', पाणी आणि मन, म्हणजे दुसऱ्यासाठी न मागता करणं. आपण मायेचा ओलावा म्हणतो ना, अगदी तेच. घरमालकीणबाई भेटल्या की तुला तो शब्द समजावून सांगावा लागणार नाही. दारात त्या पहिलं विचारतील, "किन खाव रू यांग?" भात खाल्लास का अजून नाही? त्यातला रू म्हणताना ओठ गोल करायचे नाहीत, जरा हसल्यासारखे ताणायचे. तू म्हणायचंस, "किन लॅव खा." जेवले.

येताना मेतकूट आणलंत तर आणा, नाहीतर राहू दे. पण बाजारपेठेतल्या त्या दुकानातून दोन दुरेघी वह्या नक्की आणा, एक बाबांना, एक आईला. रोज सकाळी नाश्त्याच्या आधी एक पान गिरवायचं. हात मी धरेन.

तुमची,
मनू