मेलेले जिवाणू आणि सोलापूरचं ऊन

प्रति, संपादक

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत पोस्टबायोटिक्सवर लेख आला आणि सोमवारपासून माझ्या दुकानात त्याची चौकशी सुरू झाली. भवानी पेठेत माझं औषधांचं दुकान आहे. गिऱ्हाईक बहुतेक यंत्रमागावर काम करणारं, नाहीतर विड्या वळणाऱ्या बायका. एका अक्कांनी पेपरची घडी काउंटरवर ठेवली. "ताई, पोटाचं हे नवीन काय आलंय म्हणे, केवढ्याला?" महिन्याच्या डबीची किंमत सांगितली तेव्हा त्यांनी घडी परत पिशवीत टाकली. लेखात थोडा खुलासा असता तर त्यांना दुकानापर्यंत यावंच लागलं नसतं, म्हणून हे पत्र.

प्रोबायोटिक म्हणजे पोटात जिवंत पोचायला हवेत असे उपयोगी जिवाणू. पोस्टबायोटिकमध्ये ते मुद्दाम मारलेले असतात. या विषयातल्या शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये व्याख्या ठरवून दिली: मृत सूक्ष्मजीव किंवा त्यांच्या पेशींचे भाग असलेलं, आरोग्याला फायदा करणारं मिश्रण. मेलेला जिवाणू काय कामाचा, हा प्रश्न काउंटरवर रोज येतो. जिवाणू मेला तरी त्याच्या पेशीची भिंत शिल्लक राहते. आतड्याच्या अस्तराखालच्या प्रतिकारपेशी ती भिंत ओळखतात आणि त्यांचं काम त्यामुळे बदलू शकतं. अॅकरमान्सिया नावाच्या जिवाणूवर बेल्जियममध्ये झालेला प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. वजन जास्त असलेल्या ३२ जणांनी तो तीन महिने पूर्ण केला. त्यात जिवंत जिवाणूंपेक्षा ७० अंशांवर तापवून मारलेल्या (पाश्चराइज केलेल्या) जिवाणूंनी इन्सुलिनच्या बाबतीत चांगला परिणाम दाखवला. पण माणसं ३२च. तेवढ्यावरून 'मधुमेहावर रामबाण' म्हणणाऱ्याला मी दुकानाच्या पायरीवरूनच परत पाठवते.

आता सोलापूरचं सांगते. एप्रिल-मेमध्ये इथला पारा ४२-४३ला टेकतो आणि लाइट गेली की फ्रिजही गप्प. जिवंत जिवाणूंच्या पुड्या गोदामातून टेम्पोत, टेम्पोतून दुकानात येतात तोवर आत किती जिवंत उरले हे लेबल सांगत नाही. टणक कवचातल्या बीजाणूंच्या रूपातले त्यातल्या त्यात तग धरतात, बाकीच्यांचा भरवसा नाही. पोस्टबायोटिकला ही भीती नाही, ते आधीच मेलेलं आहे. शिवाय मेलेला जिवाणू रक्तात शिरून वाढू शकत नाही. २०२३ मध्ये मुदतपूर्व जन्मलेल्या बाळांना जिवंत प्रोबायोटिक देण्याबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने रुग्णालयांना सावध केलं होतं, ते याच भीतीने. पोस्टबायोटिकच्या बाजूने बोलायचं तर हे दोन मुद्दे मला खरे वाटतात. लेखात दोन्ही नव्हते! त्याऐवजी मन प्रसन्न राहतं, त्वचा उजळते वगैरे होतं. त्याबद्दलचा पुरावा अजून फार कोवळा आहे.

लेखात ब्युटिरेटचं, म्हणजे आतड्यातले जिवाणू तयार करतात त्या एका आम्लाचं, मात्र पुष्कळ कौतुक होतं. ते रास्तच आहे, कारण मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी आपली बरीचशी ऊर्जा ब्युटिरेटमधून घेतात. फक्त शुद्ध केलेलं ब्युटिरेट २०२१च्या व्याख्येत बसत नाही आणि ते विकतही घ्यावं लागत नाही. आपल्याला न पचलेला चोथा (फायबर) मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात, त्यातूनच ते तयार होतं. म्हणजे कारखाना पोटातच आहे, माल तेवढा टाकायचा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान २५ ग्रॅम चोथा सांगते. १०० ग्रॅम ज्वारीत तो १० ग्रॅमच्या आसपास असतो. ज्वारीचं गाव म्हणून मी बढाई मारणार नाही, चाळून कोंडा न काढलेल्या गव्हाच्या पिठातही साधारण तेवढाच असतो. पांढऱ्या तांदळात मात्र तीनच्याही आत. तुरीच्या डाळीत ९, शेंगदाण्यात ८ ते १०. शेंगाचटणी नुसती तोंडी लावण्यापुरती नसते, हे इथल्या माणसाला सांगायला नको. शिवाय शिजवून गार झालेल्या पिठातला काही स्टार्च लहान आतड्यात न पचता पुढे जातो आणि जिवाणूंच्या तोंडी पडतो. रात्रीची भाकरी सकाळी ताकात कुस्करून खाणाऱ्या घरांत हे आपोआप होतं. चोथ्याची सवय नसेल तर हळूहळू वाढवा आणि पाणी जास्त प्या, नाहीतर पोट फुगून माझ्याकडेच याल.

"ताकाची कढी केली की त्यातलं सत्त्व जातं" असं काही जण ठासून सांगतात. उकळल्यावर जिवाणू मरतात, इतकं खरं. पण त्यांची शरीरं आणि त्यांनी केलेलं आम्ल कढीतच राहतं. आमच्याकडची आंबील, तेलुगू घरांतली अंबली आणि इडलीसुद्धा आंबवून मग शिजवलेलीच असते. त्यांना पोस्टबायोटिक म्हणता येणार नाही, कारण कोणता जिवाणू, किती, हे कुणी मोजलेलं नाही. पण तेवढ्यासाठी हे पदार्थ खायचं थांबवायचं कारण नाही.

बाटलीला मात्र हा मोजमापाचा नियम लावायलाच हवा. जिवाणूचं जातीसकट पूर्ण नाव, तो कशाने मारला, एका मात्रेत किती पेशी, आणि त्याच उत्पादनावर माणसांत चाचणी झाली का. एवढं लेबलवर नसेल तर मी ते शेल्फवर ठेवत नाही, मार्जिन कितीही असो. आणि पोराला जुलाब लागले असतील तर आधी ओआरएस आणि झिंक. पोटात काही टिकतच नसेल, शौचात रक्त असेल, तर दुकानात न येता थेट डॉक्टरांकडे.

आपल्याला विनंती एवढीच, की पुढच्या वेळी अशा लेखाखाली लेखक कोणत्या कंपनीचा सल्लागार आहे का हे छापावं, आणि महिन्याचा खर्चही. तो आकडा वाचून अर्धी गिऱ्हाइकं घरीच थांबतील. माझा धंदा थोडा कमी होईल, चालेल.

आपली,
एक औषधविक्रेती, भवानी पेठ, सोलापूर