फराळ नको, मेतकूट पाठव

लेस्टर,
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रोज फोन होतो, तरी हे पत्र लिहायला बसले आहे. फोनवर तू पहिलं विचारतेस, "जेवलीस का?" मी हो म्हटलं की, "किती?" आणि मी खरं सांगितलं की गप्प होतेस. परवा तर डोळ्याला पदर लावलास आणि फोन आबांकडं दिलास. तेव्हापासून मनात होतं की तुला सगळं सावकाश, पहिल्यापासून लिहून कळवावं. दुपारी निवांत चष्मा लावून वाच. आबांनाही वाचून दाखव.

"चांगली खात्यापित्या घरची पोर, पोट कशाला कापून घेतलंस?" असं तू म्हणालीस. आणि तिकडच्या गोऱ्या बायका तुझ्याहून जाड असतात, असंही. आई, माझं वजन ११४ किलोवर गेलं होतं. साखर एकोणचाळिसाव्या वर्षीच लागली, ते तुला माहीत आहे. रात्री झोपेत श्वास अडकायचा, म्हणून दोन वर्षं तोंडावर मास्क लावून झोपत होते, ते मात्र मी तुला कधी बोलले नाही. डाएट किती केले ते तूच पाहिलं आहेस. पंधरा किलो उतरायचे आणि वर्षभरात अठरा चढायचे. गोऱ्या बायकांचं म्हणशील, तर आपल्या लोकांना तुलनेनं कमी वजनावरही मधुमेह गाठतो. म्हणून इथं वजन कमी करायच्या या ऑपरेशनसाठी वजन-उंचीचा जो आकडा बघतात, त्याची मर्यादा आपल्यासारख्या दक्षिण आशियाई लोकांसाठी अडीचनं खाली धरतात. मी हौसेनं काही केलेलं नाही. लेकाचं लग्न मला माझ्या पायांवर उभं राहून करायचं आहे.

ऑपरेशन झालं मंगळवारी, २ सप्टेंबरला. त्या दिवशी तुझ्याकडं गौरी-गणपतीचं विसर्जन होतं. त्याआधीचे दोन आठवडे मी नुसत्या दुधावर होते. दिवसाला पावणेदोन लिटर दूध, वर पाणी आणि बिनसाखरेचा चहा. लिव्हरचा एक भाग जठरावर येतो, आणि माझ्यासारख्याचं लिव्हर चरबीनं फुगलेलं असतं. दोन आठवडे असं खाणं तोडलं की ते आकसतं आणि डॉक्टरांना दुर्बिणीतून खालचं जठर नीट दिसतं. चतुर्थीला मी एकवीस मोदक वळले, वाफवले, नैवेद्य दाखवला आणि लेकाला वाढले. घरभर सारणाचा वास सुटला होता. मी माझा दुधाचा पेला घेऊन त्याच्या शेजारी बसले. त्या दिवशी मला वाटलं, हे आपल्याला जमेल.

आत काय केलं, ते आबांनी विचारलं होतं. जठराचा पाऊण भाग, किंबहुना थोडा जास्तच, कापून बाहेर काढला. उरली आहे केळ्यासारखी एक नळी, तिच्यात जेमतेम शंभर-दीडशे मिली मावतं. आतडी जिथल्या तिथं आहेत. भूक लागल्याचा निरोप मेंदूला देणारं एक संप्रेरक मुख्यतः त्या कापलेल्या भागात तयार होतं, म्हणून पूर्वीसारखी भूक मला आता लागत नाही. "उपाशी कशी राहतेस?" या तुझ्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे. मी उपाशी नाही, आई. पोटात खरंच कालवाकालव होत नाही. घड्याळ बघून खावं लागतं, नाहीतर विसरायला होतं.

पोटावर पाच छोटी भोकं आहेत. पोटापेक्षा खांदा जास्त दुखला. ऑपरेशनच्या वेळी पोट फुगवायला जो वायू भरतात, तो थोडा मागं राहतो आणि त्याची कळ खांद्यात येते. त्याला उपाय चालणं. त्याच संध्याकाळी नर्सनं हाताला धरून वॉर्डभर चालवलं. रक्ताची गाठ होऊ नये म्हणून पायात घट्ट मोजे होते, आणि घरी आल्यावर चौदा दिवस पोटाला रोज एक इंजेक्शन. ते मी स्वतः टोचून घेत होते. लहानपणी सुई बघून पलंगाखाली लपणारी मी!

पहिल्या दिवशी नर्सनं औषध मोजायची प्लॅस्टिकची पेली आणून दिली, तीस मिलीची. तेवढं पाणी घोट-घोट करत अर्ध्या तासात प्यायचं. आपल्या देवघरातली पळी असते ना, तिनं तीर्थ घेतल्यासारखा एकेक घोट. पाणी छातीतून खाली कुठवर गेलं ते कळत होतं. पेली संपली तेव्हा बारशाचं जेवण झाल्यासारखी मी भरले होते.

मग दोन आठवडे फक्त पातळ. तू फोनवर सांगत होतीस, "वरणाचं पाणी पी, ताकद येईल." मीही तसंच समजत होते. डाएटिशियन बाईंनी समजावलं की डाळीवरच्या निवळ पाण्यात प्रथिन फारसं नसतंच, ते सगळं खाली डाळीत राहतं. मला दिवसाला निदान साठ ग्रॅम प्रथिन पोटात जायला हवं. नाहीतर चरबीबरोबर अंगातला स्नायूही झडतो आणि जखम भरायला वेळ लागतो. म्हणून मी मुगाची डाळ शिजवून, घोटून, सगळी गाळणीतून उतरवून कढण करत होते, वर जिऱ्याची पूड. दुधात बिनसायीची दूध पावडर मिसळायची, म्हणजे तेवढ्याच पेल्यात दुप्पट बळ जातं. आणि अळणी. आठव्या दिवशी तुझ्या पद्धतीनं कोंबडीची अळणी केली. आलं, लसूण, हळद, मीठ, बाकी काही नाही. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली, सकाळी वर जमलेली चरबी चमच्यानं काढली, फडक्यातून गाळली आणि कोमट करून कपात घेतली. दोन आठवडे दूध आणि त्यानंतर आठवडाभर गोडसर पातळ पदार्थ पिऊन जीभ मेली होती. त्या पहिल्या घोटाला मला आपलं कोल्हापूरचं स्वयंपाकघर दिसलं. वहिनीच्या बाळंतपणात तू मोठ्या पातेल्यातून अळणी वेगळी काढून ठेवायचीस, तांबड्या रश्शाला हात लावायच्या आधी. मी कप दोन्ही हातांत धरून रडले. तुझे जावई घाबरून "दुखतंय का?" विचारत होते.

घटस्थापना आली तेव्हा मी गुळगुळीत वाटलेल्या खाण्यावर होते. तू विचारलंस, "उपवास?" मी धरला नाही. डाएटिशियननं स्पष्ट सांगितलं होतं, आणि साबुदाणा, वरी, बटाटा म्हणजे बहुतेक स्टार्चच, मला लागतं तेवढं प्रथिन त्यात नाही. घट मात्र बसवला, नऊ दिवस माळ घातली. अंबाबाईला मनातून सांगितलं की यंदा तुझ्या लेकीला खाऊनच तुझी सेवा करायची आहे. तुला हे आवडलं नसेल, ठाऊक आहे. पण तू नंतर म्हणालीस ना, "तुझ्या वाटचाही मीच धरला", ते ऐकून मला किती बरं वाटलं, ते तेव्हा बोलता आलं नाही.

दसऱ्याला बरोबर महिना झाला. त्या दिवशी मऊ खाणं सुरू झालं. सोन्याची पानं इथं कुठली! लेकानं कागदाची कापून दिली. मी लेकाच्या लहानपणच्या वाटीत तीन चमचे गुरगुट्या भात घेतला, त्यावर कुस्करलेलं अंडं. चमचाही त्याच्याच लहानपणचा. एक घास, वीस वेळा चावायचा, चमचा खाली ठेवायचा, मिनिटभर थांबायचं. वीस मिनिटं झाली की खाणं थांबवायचं, वाटीत उरलं तरी. हेच सगळ्यात अवघड जातं, आई. पानात टाकायचं नाही हे तू आम्हाला हाताला धरून शिकवलंस. पहिल्यांदा अर्धा चमचा भात सिंकमध्ये धुताना माझा हात थांबला होता.

जेवताना पाणी प्यायचं नाही, जेवून अर्धा तास झाल्यावर प्यायचं. पोट भरलं की मला पूर्वी कळायचंच नाही, आता कळतं. उचकी लागते किंवा नाक वाहायला लागतं. तिथं थांबायचं, पुढचा एक घाससुद्धा नको.

तो एक घास मी कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी खाल्ला, तेही तुला सांगते. पोळीची परवानगी अजून नव्हती. ऑफिसचा फोन कानाला, समोर लेकाच्या डब्यातली उरलेली अर्धी पोळी, घाईत दोन घास नीट न चावता गेले. छातीच्या मधोमध दगड ठेवल्यासारखं झालं. तोंडाला पाणी सुटलं, पांढरा फेस यायला लागला. ना खाली जाईना, ना वर येईना. चाळीस मिनिटं मी स्वयंपाकघरात येरझारा घातल्या, शेवटी उलटून पडलं. मऊ पोळी लाळेत भिजून कणकेच्या गोळ्यासारखी होते आणि त्या बारीक नळीत अडकते. दुसऱ्या दिवशी परत पातळावर. तेव्हापासून जेवताना फोन दुसऱ्या खोलीत असतो.

फ्रिजवर दवाखान्यानं दिलेला कागद चिकटवला आहे. ताप, छातीत सतत धडधड, पोटात न थांबणारी कळ किंवा पाण्याचा घोटही टिकेना, तर वेळ न घालवता दवाखाना गाठायचा. चार-पाच दिवस उलट्या होत राहिल्या, तर बी-१ जीवनसत्त्व कमी पडून नसांना इजा होऊ शकते, तेही त्यात आहे. तुझ्या जावयांना तो तोंडपाठ आहे. म्हणून तू रात्री जागत बसू नकोस.

आता माझा दिवस ऐक, म्हणजे "किती?"चं उत्तर मिळेल. सकाळी एक अंडं किंवा मुगाच्या धिरड्याचा हातभर नव्हे, तळहाताएवढा तुकडा. अकराला दुधाचा पेला. दुपारी चार चमचे घट्ट दही, इथं आपल्या चक्क्यासारखं मिळतं, आणि दोन चमचे मऊ शिजवलेला दुधी. चारला पनीर किंवा थोडं कढण. रात्री शिजवून बारीक केलेली कोंबडी किंवा मासा. आधी प्रथिन, मग भाजी, जागा उरली तर भात. डाळ, मेथी, दुधी सगळं बेलग्रेव्ह रोडवरच्या दुकानांत मिळतं, आणि दिवाळीमुळं तो रस्ता आता दिव्यांनी भरला आहे. अ‍ॅबी पार्कमध्ये नदीकाठानं रोज चाळीस मिनिटं चालते. वजन आज ९९ किलो. साखरेच्या दोन गोळ्यांपैकी एक डॉक्टरांनी बंद केली. (आबा, ही माझी गोष्ट आहे. तुमच्या गोळीला तुम्ही हात लावायचा नाही.)

जीवनसत्त्वांच्या, लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्या मात्र जन्मभर घ्यायच्या आहेत आणि बी-१२ चं इंजेक्शन दर तीन महिन्यांनी. तू म्हणशील, एवढी औषधं! पण इतकं थोडं खाऊन शरीराला लागणारं सगळं मिळत नाही, म्हणून ती आहेत. आणखी एक, आधीच सांगून ठेवते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात माझे केस गळतील. शरीराला झटका बसला की तसं होतं, परत येतात. व्हिडिओवर बघून घाबरू नकोस. मार्चमध्ये येशील तेव्हा तुझ्या हातानं तेल लाव.

आणि मार्चचंच मागणं आहे. तू माझ्या पानात वाढायचंस, मी नको म्हणायचे, तू "आईच्या हातचा एक घास" म्हणायचीस आणि मी खायचे. तो घास आता मला छातीत अडकतो, आई. मला आग्रह करू नकोस. माझ्याशेजारी बस, माझ्या वाटीतलं मी वीस मिनिटं खाईन, तेवढा वेळ माझ्याशी बोलत राहा. वाढायची हौस जावयांवर आणि नातवावर फेड, दोघंही वाटच बघताहेत.

यंदाच्या फराळाचं तू विचारलंस. लाडू, शंकरपाळी, अनारसे नको पाठवूस, समोर दिसलं की मन धावतं. त्याऐवजी घरी भाजून दळलेलं मेतकूट पाठव, पाव किलो, हिंग जरा जास्त, तिखट अजिबात नको. मऊ भातावर ते आणि चमचाभर दही, याची मी महिनाभर वाट बघते आहे. नाचणीचं सत्त्वही थोडं. तूप किंवा खवा घालू नकोस, दुधाचं काही इथं कस्टममध्ये सोडत नाहीत. लेकासाठी चकल्या टाक, भाजणीच्या. दोन महिने झाले की कुरकुरीत चालेल म्हणाले आहेत, म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. त्यातली एक मी बाजूला काढून ठेवणार आहे.

आबांना नमस्कार, दादा-वहिनीला सांग की मुलांचे किल्ल्याचे फोटो पाठवा. डबा स्टीलचा नको, जड होतो. प्लॅस्टिकच्या बरणीत भर आणि झाकणाला आतून पिशवी लाव, गेल्या वर्षी मसाला सांडला होता.

तुझी,
लेक